शिकून राहिली

अकोल्यात सभागृहाच्या पायऱ्या चढायला गेले, तर दारात मीच उभी होते. माणसाहून उंच, राखाडी रंगाची, डोळ्यांत पाणी आणून. आधी ओळख पटली नाही. नव्या फ्लेक्सचा डोक्यात जाणारा वास आला, मागोमाग एक मुलगी दिसली, आणि धंद्याच्या सवयीनं मी मनात म्हटलं, बरी सापडली यांना, डोळे काय बोलके आहेत. मग तिच्या डाव्या भुवईतली फट दिसली. लहानपणी बाभळीच्या काट्यानं केलेली ती फट मला रोज सकाळी आरशात भेटते. माझा हात आपोआप भुवईवर गेला. तिचा गेला नाही. तिच्या डोक्यावर नागमोडी अक्षरांत 'ओंजळभर आभाळ' असं नाव होतं आणि खाली, जिथं पाय असायला हवे होते तिथं, लिहिलं होतं: 'ती मागे राहिली आहे. तुम्ही हात द्याल?' अमरावतीहून निघाल्यापासून पोटात भूक होती, ती कुठे गेली कळलंच नाही. लोक बाजूनं आत जात होते. एक गृहस्थ फ्लेक्ससमोर थांबले, चष्मा वर सरकवला, "बिचारी" म्हणाले, आणि त्यांचा कोपर मला लागला म्हणून "सॉरी हं" म्हणून आत गेले.

बिचारी. आमच्या घरात या एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या, बाबा दर्यापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक, इंजिनाला रोज शिव्या दिल्याशिवाय त्यांचा पाना फिरत नसे. पण बिचारा-बिचारी खपायचं नाही. आईनं एकदा शेजारच्या आजारी बाईला तसं म्हटलं, तेव्हा बाबा घास हातात धरून थांबले. "तिले ताप आहे म्हन ना. बिचारी कावून म्हनतं? बिचारी म्हटलं का उभा मानूस खाली बसते." माझे बाबा, धर्मपाल, अजून उभेच आहेत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून ते दर्यापूरच्या बसस्टँडवर एका ठराविक बाकावर जाऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन नुसत्या कानानं तपासतात. तिथून मला फोन करतात. प्रश्न एकच, "काय करून राहिली?" आणि माझं उत्तरही एकच, "काई नाई." त्या दिवशीही बसमध्ये असताना मी "काई नाई" म्हणूनच फोन ठेवला होता. आणि आता फ्लेक्ससमोर उभी असताना मला आमच्या वसतिगृहाचे अध्यक्ष वामनराव यांचं कालचं बोलणं आठवलं. ते फार खुशीत होते. एसटीच्या गाड्यांच्या मागच्या बाजू आपल्याला मिळाल्या, म्हणाले. दर्यापूर, अचलपूर, भातकुली, सगळीकडे आपली जाहिरात फिरणार, पुढच्याच आठवड्यापासून. तेव्हा मी वा वा म्हटलं होतं. आता मला ते नीट दिसायला लागलं. गाडी स्टँडात शिरणार, वळणार, बाबांकडे पाठ करणार. आणि त्या पाठीवर मी, राखाडी, मागे राहिलेली. बाकावरचं कुणीतरी जवळचं माणूस हळूच म्हणणार, बिचारी.

माझं काम काय, ते सांगून टाकते. अमरावतीला माणिकबाई नावाच्या मास्तरीणबाईंनी खेड्यांतल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. आठवी ते बारावी मी तिथं राहून शिकले. पुढे नागपुरात जाहिरातीच्या धंद्यात पडले. साबण विकला, सिमेंट विकलं, सोयाबीनचं बियाणंही विकलं. माणिकबाई गेल्या तेव्हा परत आले, आणि आता त्याच वसतिगृहाची प्रसिद्धी आणि देणग्या मी बघते. आमचं दप्तरी नाव लांबलचक आहे, पण अमरावतीत कुठल्याही ऑटोवाल्याला 'बाईचं होस्टेल' एवढं सांगितलं की तो पुढे काही विचारत नाही. नावाची एवढी कमाई असताना नवीन नाव कशाला, असं मी म्हणत होते. पण जुनं अनुदान बंद झालं होतं. अकोल्याच्या या सभेत देणगीदार उभे राहिले नाहीत, तर जूनमध्ये नव्या मुलींना दार उघडायचं नाही, असं मंडळानं ठरवलं होतं. म्हणून पुण्याची एजन्सी आली. एजन्सीनं नितेशला पाठवला. नितेश मूळचा अकोल्याचाच, जठारपेठेतला, पण पुण्यात राहून त्याची भाषा कडक इस्त्रीची झालेली. त्यानं 'ओंजळभर आभाळ' हे नाव वाचून दाखवलं तेव्हा वामनरावांचे डोळे भरून आले होते. माझ्या मनात आलं, आम्हांला कुणालाच कधी आभाळ हवं नव्हतं. आम्हांला न्हाणीघराच्या दाराला आतून कडी हवी होती.

घोषवाक्य मी सुचवलं होतं: 'शिकून राहिली'. दोनच शब्द. नितेशनं फोनवर फार समजुतीनं सांगितलं, "ताई, पुण्या-मुंबईच्या माणसाला याचा अर्थ वेगळा लागतो. शिकली आणि राहून गेली, असा. म्हणजे नकारात्मक." मी म्हटलं, आमच्याकडे शिकून राहिली म्हणजे शिकते आहे, आत्ता, या घडीला. जेवून राहिली म्हणजे घास हातात आहे. आमच्या राहण्यात थांबणं नाही बाबा. तो म्हणाला, "मला कळतं, पण ब्रँड प्रमाण भाषेत असावा." आणि आता माझे दोन शब्द पुण्याला जाऊन 'मागे राहिली' होऊन परत आले होते. चेहरा माझाच निघाला हे मात्र कुणी ठरवून केलं नव्हतं. जुने अल्बम स्कॅन करून मीच पाठवले होते, ढीगभर; त्यांतून पुण्यातल्या कुणीतरी हा चेहरा कापून काढला, रंग काढून घेतला आणि छापला. खरं सांगायचं तर ती मुलगी दुसरी कुणी असती, तर मी अक्षरांचा आकार आणि मधली जागा बघून पुढे गेले असते.

पण तिच्या खांद्यावर दोन बोटं होती. कापणाऱ्याकडून राहून गेलेली, कडेला, अंगठा आणि तर्जनी, मधे फ्रॉकचा चिमटा धरलेला. ती बोटं मी ओळखली. चंदा! आणि एकदम तो हिवाळा आला, अंगणातल्या दोरीवरच्या सतरंज्या, त्यांचा उन्हात तापलेला वास, नव्या रिबिनी इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेलेल्या. पुण्याहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या. मऊ साडी, मऊ हात, बोलणं त्याहून मऊ. आम्ही रांगेत. त्या माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "काय करतेस गं तू बाळ?" मी ताठ उभी राहून सांगितलं, "मी शिकून राहिली." बाईंचा चेहरा उतरला. "राहिली? अगं बाई, शिक्षण राहिलं तुझं? आणि वडील काय करतात?" वडील त्या वेळी काय करत असतील याचा मी प्रामाणिक विचार केला. सकाळची वेळ, डेपोची वेळ. "बाबा गाडीखाली झोपून राहिले," मी म्हटलं. बाईंनी तोंडावर पदर धरला. "गाडीखाली?" "हो. एसटीच्या." त्यांचे डोळे भरले. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कधी गं झालं हे?" मला काही कळेना. मी म्हटलं, "रोजच होते." माझ्या मागे चंदा होती, अचलपूरची, माझ्याहून चलाख. तिला आधी कळलं. तिनं माझ्या खांद्याला असा चिमटा काढला, की त्या चिमट्यातून सगळा विनोद माझ्या अंगात उतरला. हसता तर येत नव्हतं, समोर माणिकबाई उभ्या. ओठ मिटून, श्वास धरून, पोट आत ओढून मी ते हसू दाबत गेले आणि ते नाकातून बंद झालं, तोंडातून बंद झालं, शेवटी डोळ्यांतून पाणी होऊन आलं. तेवढ्यात देवमन फोटोग्राफरनं फोटो काढला.

पुढे त्या बाईंकडून खोकंभर पेन्सिली आल्या आणि सोबतच्या पत्रात माझ्या हरपलेल्या पितृछत्राबद्दल दोन हळवी वाक्यं. त्याच रविवारी बाबा पिशवीभर पेरू घेऊन भेटायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले, की त्यांना कट्ट्यावर बसावं लागलं. "घ्या," म्हणाले, "मेलेल्या मानसानं पेरू आनले." त्या पेरूंची चव सभागृहाच्या दारात उभी असताना माझ्या जिभेवर आली.

आत नितेश प्रोजेक्टर लावत होता. मी विचारलं, हा फोटो कुणाचा? "आपल्याच संग्रहातला, ताई. नाव नाही मिळालं. पण काय चेहरा आहे! आम्ही दहा जणांना दाखवला, एकही पुढे सरकला नाही." त्याला इतका आनंद झाला होता, की माझ्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. वामनराव आले. भातकुलीच्या शाळेत हेडमास्तर होते, मनानं सरळ, बोलणं त्याहून सरळ. मी म्हटलं, सर, ही मुलगी रडत नसेल तर? त्यांनी माझ्याकडे शाळेतल्यासारखं पाहिलं. "पायलबाई, रडते का हसते, आपल्याले काय करायचं? दुःखानं खिसा उघडते. हसऱ्या पोरीले कोन देते? आज काई नवीन काढू नका. जूनचं डोक्यात ठेवा." जून माझ्या डोक्यात होताच. जून म्हणजे पत्र्याच्या पेट्या, तेलानं चापून बसवलेल्या वेण्या, दारात घुटमळणारे बाप. ते दार माझ्या एका वाक्यानं बंद होऊ शकत होतं. मी खुर्चीवर बसले. पंख्याची हवा मानेवर येत होती आणि मला उगाच वाटत होतं, खांद्याला कुणी हात लावला आहे. बाबा एका बाजूला आणि त्या न आलेल्या मुली दुसऱ्या बाजूला, असं मी मनात धरून पाहिलं, आणि मग मला स्वतःचाच राग आला. दोन बाजू कुठे होत्या? त्या मुलींचे बापही स्टँडवर बसतातच. उद्या त्यांचीही पोरगी कुणी कापून, राखाडी करून गाडीच्या मागे लावील, आणि ती लावणारी मी असेन. त्या दारातून आत यायची किंमत म्हणून आम्ही प्रत्येकीनं आधी बिचारी व्हायचं? मी तर झाले नव्हते. मी त्या दारातून रिबिनी बांधून, पेटी डोक्यावर घेऊन, बाबांशी भांडत आत गेले होते.

माझं नाव पुकारलं. पडद्यावर पुन्हा मी, भिंतीएवढी. हातातल्या भाषणात पहिलं वाक्य होतं, 'ही मुलगी मागे राहिली आहे.' समोर अकोल्याची शहाणी, सावध, देणाऱ्यांची रांग. पुढे मध्यभागी सत्यभामाबाई, ज्यांची कापसाची जिनिंग मिल आहे आणि ज्यांच्याकडे बघून बाकीचे हो की नाही ठरवतात. मी कागद उलटा ठेवला. नागपुरात इतकी वर्षं कमावलेली भाषा त्या कागदाबरोबर उलटी झाली असावी, कारण जे बाहेर पडलं ते अंगणातलं होतं.

"या फोटोतली पोट्टी मी होय. अन् हे रडून नाई राहिली. हे हसू दाबून राहिली."

वामनरावांची मान माझ्याकडे वळली. नितेशच्या हातातला रिमोट तसाच राहिला. एक क्षण मला खरंच वाटलं, संपलं, बुडवलं मी होस्टेल. तेवढ्यात मागच्या दाराकडून हसू आलं. घोड्याच्या खिंकाळण्यासारखं ते हसू मी जगात कुठेही ओळखीन. चंदा अकोल्यात नर्स आहे. ड्यूटी संपवून उशिरा आली होती आणि गणवेशातच मागे उभी होती. तिनं हात वर केला. अंगठा आणि तर्जनी, चिमटा धरलेला. "माही बोटं हायेत ना थे!" ती ओरडली. "पाहा, खांद्यावर पाहा! चिमटा म्याच घेतला होता!"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. खांद्यावर बोटं होती. मग मी सांगायला लागले. पाहुण्या बाई, शिकून राहिली, बाबा गाडीखाली झोपून राहिले. त्या सभागृहात प्रत्येकाचा कुणी ना कुणी आयुष्यात कधीतरी पुण्याला जाऊन असंच काहीतरी बोलून फसलेला होता, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. "रोजच होते" इथे आले तेव्हा पहिली रांग हसण्यात गेली. पेरूंशी आले तेव्हा पूर्ण सभागृह गेलं. दारात मला कोपर मारणारे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. बायका पदर तोंडावर धरून हलत होत्या. ओठ मिटलेले, गाल फुगलेले, डोळे पाण्यानं भरलेले. मी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि एकदा त्यांच्याकडे, आणि मला दिसलं की तो चेहरा आता एकटीचा नव्हता, सगळ्या खुर्च्यांवर बसला होता.

एकट्या सत्यभामाबाई हसल्या नाहीत. हशा ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग बसूनच म्हणाल्या, "पोरी, शिकून राहिली मंजे अजून झालं तं नाई ना?"

"नाई, आजी. सुरू आहे. माझं झालं तं दुसरीचं सुरू आहे."

"मंग आमी कावून थांबावं? थे शिकून राहिल्या, तं आमी देऊन राहू." त्यांनी आजूबाजूला एक नजर टाकली, आणि आजूबाजूच्या माना होकारानं हलल्या. "पन थे आभाळ काढून टाक वो माय. बाईचं होस्टेल लिही. आमाले तेच ठाऊक आहे."

टाळ्या वाजल्या. चंदानं शिट्टी मारली, गणवेशात, भर सभेत. वामनराव उठले, खाकरले, हेडमास्तरसारखे सगळ्यांकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हसऱ्या पोरीले कोन देते, असं मी मघाशी म्हटलं होतं. थे शब्द मी वापस घेतो." याच्याएवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नितेश मात्र गोरामोरा झाला होता. आलुबोंडे आणि चहा सुरू झाल्यावर तो माझ्यापाशी आला आणि एकदम भडकून म्हणाला, "पन ताई, तुमी मले आधी कावून नाई सांगतलं?" बोलून गेल्यावर त्यानं स्वतःच तोंडावर हात ठेवला. चंदा पुन्हा खिंकाळली. मी त्याच्या बशीत एक आलुबोंडा वाढला आणि म्हटलं, आता झालं तुझं ब्रँडिंग. तोही हसला, आणि हसताना तो फारच अकोल्याचा दिसला. छापून तयार असलेले राखाडी फ्लेक्स वामनरावांनी भातकुलीला नेले. सोयाबीन वाळवायला बरे पडतील म्हणाले, कोरी बाजू वर करून.

जूनमध्ये दार उघडलं. मी दारात उभी होते, नव्या मुलींच्या पेट्यांना रंगीत फिती बांधत, आणि एका बापाची समजूत घालत, की रविवारी पेरू आणले तर चालतात. एवढ्यात बाबांचा फोन आला. मागे स्टँडचा गलका, फेरीवाले, एखादं इंजिन. नेहमीचा प्रश्न येणार म्हणून 'काई नाई' माझ्या जिभेवर तयारच होतं. पण बाबा मोठ्यांदा, म्हणजे बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पायल, तू गाडीच्या मांगं काय करून राहिली?"

मी फोन कानाला घट्ट धरला. गाडी वळलेली मला दिसली. फोटो आता पूर्ण होता, रंगीत. लाल रिबिनी, दोरीवरच्या सतरंज्या, मागे चंदाचा सगळा खट्याळ चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत माझे दोन शब्द.

"हसून राहिली, बाबा."

"थे तं दिसून राहिलं मले." नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी असेल. "हा नत्थुजी विचारून राहिला, कोन होय म्हनून. म्या सांगतलं, माही पोरगी होय. अन् गाडीखाली झोपला होता थो बाप मी, जिता आहो, हेबी सांगतलं."

कंडक्टरनं घंटी मारली. इंजिनाचा आवाज चढला आणि बाबा नेहमीप्रमाणे ऐकत थांबले. आवाज चांगला होता, कारण त्यांनी शिवी दिली नाही.

"गेली पाहा," ते म्हणाले, "तू परतवाड्याले."